कार्बन ताजा की शिळा

कार्बन-१४ हे नाव निघालं की लोकांच्या डोळ्यांसमोर पिरॅमिड येतात, उत्खननातला जळका कोळसा येतो, फार तर एखादी ममी. शाळेच्या पुस्तकांनीच तशी सवय लावली आहे. पण निसर्गातला कार्बन-१४ पहिल्यांदा हाती लागला तो अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराच्या मैलापाण्यात. आणि तिथे जी तुलना केली गेली, ती जुन्या वस्तूची नव्या वस्तूशी नव्हती. एका इंधनाची दुसऱ्या इंधनाशी होती.

मे १९४७ मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकात एक छोटासा लेख आला. शिकागो विद्यापीठातले विलार्ड लिबी, त्यांचे विद्यार्थी अर्नेस्ट अँडरसन आणि पेनसिल्व्हेनियात मार्कस हुक इथे हौड्री कंपनीत काम करणारे अरिस्टिड ग्रोस ही त्यातली मुख्य नावं. त्यांनी दोन ठिकाणचा मिथेन घेतला. एक खनिज तेलापासूनचा. दुसरा बाल्टिमोरच्या पटाप्स्को मैलापाणी केंद्रातला, म्हणजे शहराने खाल्लेलं अन्न जिवाणूंनी कुजवून तयार केलेला. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही वायू तंतोतंत एकच. एक कार्बन, चार हायड्रोजन. जाळले तर सारखीच ज्योत, सारखीच उष्णता. कुठल्याही नेहमीच्या चाचणीने त्यांच्यात फरक सांगता आला नसता.

मिथेनच का, तर तो वायू असल्यामुळे किरणोत्सार टिपणाऱ्या मोजनळीत थेट भरता येतो. दुसरं कारण ग्रोस यांच्याकडे होतं. त्यांच्याकडे उंच, अरुंद नळ्यांचा संच होता. नळीच्या मध्यभागी तापलेली तार, बाहेरची भिंत थंड. अशा नळीत जड रेणू हळूहळू खाली साठतात आणि हलके वर जातात. शिकागोतल्या मोजनळ्यांना साध्या मिथेनमधला कार्बन-१४ पार्श्वभूमीच्या खडखडाटातून वेगळा ऐकू येत नव्हता. म्हणून आधी तो या नळ्यांत दाट करायचा आणि मग मोजायचा. दाट केलेला मैलापाण्याचा मिथेन किरणोत्सारी निघाला, आणि जितका जास्त दाट केला तितका जास्त. खनिज तेलाचा मिथेन त्याच नळ्यांतून काढूनही गप्पच राहिला.

पुढचं सगळं सर्वांना ठाऊक आहे. १९४९ मध्ये लिबी आणि जेम्स अर्नोल्ड यांनी वय माहीत असलेली लाकडं मोजून पद्धत पडताळली, त्यांत सक्कारा इथल्या जोसेर राजाच्या थडग्यातलं लाकूडही होतं. १९६० मध्ये लिबींना नोबेल मिळालं. पुरातत्त्वाने ही पद्धत आपलीशी केली आणि तिचं पहिलं काम लोक विसरले. आज पेट्रोल-डिझेलमधला जैव भाग कार्बन-१४ ने मोजतात तेव्हा ‘पुरातत्त्वाची पद्धत आता इंधनालाही लावतात’ असं लिहिलं जातं. मला ते वाचून दर वेळी वाईट वाटतं, कारण क्रम उलटा आहे. आधी मैल्याचा गॅस आणि तेलाचा गॅस, मग राजाचं थडगं.

हे मला इतकं लागतं त्याचं कारण माझा धंदा. कोल्हापूरला एम.एस्सी. करून मी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट म्हणून लागले आणि पुढची सगळी नोकरी नवी मुंबईतल्या इंधन-चाचणीच्या प्रयोगशाळेत झाली. एकीकडे मळीपासून स्पिरिट, दुसरीकडे टँकरातून आलेलं पेट्रोल. या दोन द्रवांच्या मधोमध जो प्रश्न उभा आहे, तोच लिबींच्या त्या लेखात आहे.

त्याआधीची सात वर्षं थोडक्यात. कार्बन-१४ आधी माणसाने तयार केला, निसर्गात तो नंतर सापडला. बर्कलेच्या किरणोत्सार प्रयोगशाळेत मार्टिन केमन आणि सॅम रूबेन यांनी सायक्लोट्रॉनमध्ये ग्रॅफाइटवर ड्यूटेरॉनचा मारा केला आणि २७ फेब्रुवारी १९४० रोजी त्यांना तो मिळाला. त्यांना हवा होता तो झाडांसाठी. पान हवेतला कार्बन कसा घेतं, कुठल्या वाटेने साखरेत नेतं, हे शोधायला खूण केलेला कार्बन पाहिजे होता. रूबेन पुढे १९४३ मध्ये युद्धकामातल्या फॉस्जीन वायूच्या अपघातात गेले. वय अवघं २९. आपण शोधलेला अणू प्रत्येक झाडात आधीपासूनच आहे, हे त्यांना कधी कळलं नाही.

तो तिथे येतो आकाशातून. विश्वकिरणांमुळे वातावरणाच्या वरच्या थरांत न्यूट्रॉन सुटतात, ते नायट्रोजनवर आदळतात आणि त्याचा कार्बन-१४ होतो. मग तो कार्बन डायऑक्साइड बनून खाली येतो. ऊस तो घेतो, गवत घेतं, गाय गवत खाते, आपण दूध पितो. प्रमाण अगदीच सूक्ष्म. एक लाख कोटी कार्बन अणूंमागे साधारण एक. जीव मेला की नवीन पुरवठा थांबतो आणि असलेला साठा ५७३० वर्षांत निम्मा होतो. पन्नास हजार वर्षांनंतर मोजण्याजोगं फारसं उरत नाही. खनिज तेलाचं वय कोट्यवधी वर्षांत, त्यामुळे त्यात कार्बन-१४ शून्य. गेल्या हंगामातल्या उसाच्या अल्कोहोलमध्ये मात्र तो पुरेपूर. दोन्ही मिसळली की कार्बन-१४ चं प्रमाण ताज्या कार्बनच्या वाट्याइतकंच. इथे वय काढायचंच नसतं. फक्त वाटा काढायचा असतो. म्हणून पुरातत्त्वातल्या किचकट कालदुरुस्त्यांचा मोठा भाग इंधनवाल्यांना लागत नाही.

इंधनाच्या आधी हा प्रश्न दारूच्या धंद्यात आला. १९३० मध्ये अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात युनियन कार्बाइडने इथिलीनपासून अल्कोहोल काढायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथलं औद्योगिक अल्कोहोल मोठ्या प्रमाणावर असं पेट्रोलियममधून येऊ लागलं. पिण्याच्या दारूत आणि व्हिनेगरमध्ये आंबवलेलंच अल्कोहोल हवं, असा युरोपातल्या अनेक देशांचा कायदा. इथिलीनचं अल्कोहोल नीट शुद्ध केलं तर वासाने, घनतेने, उकळण्याच्या बिंदूने ओळखता येत नाही. १९५० च्या दशकात युरोपातल्या रसायनतज्ज्ञांनी कार्बन-१४ मोजून ते ओळखायला सुरुवात केली. म्हणजे लिबींच्या लेखाला जेमतेम काही वर्षं होतात न होतात तोच त्यातली तुलना, मिथेनच्या जागी अल्कोहोल घालून, भेसळ पकडायच्या कामी आली.

आपल्याकडे त्याच काळात गंगा उलटी वाहत होती. मळी मुबलक आणि पेट्रोलियम महाग, म्हणून भारतातल्या काही कारखान्यांनी अल्कोहोलपासून इथिलीन काढलं आणि त्याचं प्लास्टिक केलं. त्या काळातली एखादी पॉलिथीनची पिशवी आज कुणी मोजली तर ती शंभर टक्के जैव निघेल. ‘जैव’ हा शिक्का प्लास्टिक कुजतं की नाही याबद्दल काहीच सांगत नाही, फक्त कार्बन कुठून आला तेवढंच सांगतो. ही गोष्ट जाहिराती वाचताना ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मोजायचं तर माप पाहिजे. पूर्ण ताजा कार्बन म्हणजे किती, हे सगळ्या प्रयोगशाळांसाठी एकच असायला हवं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने त्यासाठी ऑक्झॅलिक आम्ल तयार करवून घेतलं, तेही १९५५ च्या हंगामातल्या साखरबीटपासून. तो साठा संपत आला तेव्हा दुसरा केला गेला, १९७७ च्या हंगामातल्या फ्रेंच बीटच्या मळीपासून. मळीत आयुष्य गेलेल्या माणसाला याचा किती आनंद व्हावा! जगभरातल्या रेडिओकार्बन प्रयोगशाळा ज्या पांढऱ्या भुकटीशी आपले आकडे जुळवतात, ती साखर कारखान्याच्या मालातून आली आहे.

माप ठरलं, पण हवा स्थिर राहिली नाही. १९५५ मध्ये हान्स सूस यांनी दाखवून दिलं की अलीकडच्या लाकडात अपेक्षेपेक्षा थोडा कमी कार्बन-१४ आहे. कारण दीडशे वर्षं जाळलेला दगडी कोळसा आणि तेल. त्यांच्या धुरातल्या शिळ्या कार्बनने हवा पातळ केली होती. लगेचच उलटा धक्का बसला. अणुबाँबच्या चाचण्यांनी हवेत न्यूट्रॉन ओतले आणि १९६३ च्या सुमारास उत्तर गोलार्धातल्या हवेत कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाला. त्या वर्षी वातावरणातल्या चाचण्यांवर बंदीचा करार झाला; तेव्हापासून समुद्र आणि झाडं तो जादा कार्बन-१४ शोषत आहेत, आणि धूर त्याला पातळ करतो आहे. २०२० च्या आसपास हवा पुन्हा १९५० च्या मापाजवळ आली.

इंधनाच्या हिशेबात हे कुठे येतं? उसाला फरक पडत नाही, कारण तो वर्षा-दीड वर्षाच्या हवेचा कार्बन धरतो. लाकडाला पडतो. फिनलंडमध्ये लापेनरांता इथे २०१५ पासून कागद कारखान्यांच्या टॉल तेलापासून डिझेल बनतं. हे तेल ज्या पाइन झाडांचं, त्यांतली अनेक १९६३ च्या हवेत श्वास घेऊन वाढलेली. त्यांचा कार्बन मापापेक्षा जास्तच ताजा दिसतो, शंभरच्या वर. कुणी अशा डिझेलमध्ये थोडं खनिज डिझेल मिसळलं तर आकडा शंभरावर येऊन थांबेल आणि सगळं ठीक वाटेल. म्हणून कच्चा माल काय होता हे विचारल्याशिवाय नुसता आकडा देणारी प्रयोगशाळा मला अर्धवट काम करणारी वाटते.

आता प्रत्यक्ष मोजणी. डिस्टिलरीत आम्ही अल्कोहोल मोजायचो ते हायड्रोमीटरने. तापमान बघायचं, तक्ता बघायचा, नोंदवहीत आकडा, उत्पादन शुल्क निरीक्षकांची सही, टँकरला सील. पेट्रोलमध्ये किती अल्कोहोल आहे ते बघायला तर प्रयोगशाळाही लागत नाही. खुणांच्या काचेच्या नळकांड्यात पेट्रोल घ्यायचं, ठरलेलं पाणी घालायचं, बूच लावून हलवायचं आणि स्थिर होऊ द्यायचं. अल्कोहोल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. खालचा थर जितका फुगला तितकं अल्कोहोल. ते उसाचं की इथिलीनचं, हे मात्र नळकांडं सांगत नाही.

कार्बन-१४ ची साधी मोजणी द्रव प्रस्फुरणाने होते. इंधनाचा नमुना छोट्या कुपीत घालायचा, त्यात प्रस्फुरक द्रव मिसळायचा. कार्बन-१४ चा एखादा अणू फुटला की त्यातून निघालेल्या इलेक्ट्रॉनमुळे द्रवात इवलासा प्रकाश चमकतो आणि समोरासमोर बसवलेल्या दोन प्रकाशनळ्यांनी तो एकाच क्षणी पाहिला तरच यंत्र त्याची नोंद घेतं. ई-२०, म्हणजे वीस टक्के अल्कोहोल मिसळलेल्या पेट्रोलचं उदाहरण घेऊ. १० मिलिलिटरमध्ये २ मिलिलिटर अल्कोहोल, वजनाने सुमारे १.५८ ग्रॅम, आणि त्यात कार्बन ०.८२ ग्रॅम. ताज्या कार्बनच्या एका ग्रॅममध्ये मिनिटाला साधारण साडेतेरा अणू फुटतात. म्हणजे आपल्या कुपीत मिनिटाला अकरा. विश्वास ठेवण्याजोगा एक टक्क्याचा आकडा हवा तर दहा हजार चमका मोजायला हव्यात. प्रत्येक चमक टिपली गेली असं धरलं तरी पंधरा तास. आणि प्रत्येक टिपली जात नाहीच. म्हणून कुपी संध्याकाळी यंत्रात ठेवायची आणि सकाळी आकडा बघायचा, अशी आमची रीत.

हे अकरा ठोके ऐकण्यासाठी बाकी सगळं शांत करावं लागतं. लिबींनी मोजनळीभोवती लोखंडाची जाड भिंत उभी केली होती आणि नळीला लागून इतर मोजनळ्यांचं कडं केलं होतं. बाहेरून आलेला विश्वकिरण कड्यातूनही जातो आणि आतूनही, म्हणून दोन्हीकडे एकदम ठोका पडला तर तो सोडून द्यायचा. फिनलंडमध्ये तुर्कू इथे बनलेल्या क्वांटुलस यंत्रातही हेच तत्त्व आहे, फक्त लोखंडाऐवजी शेकडो किलो शिसं. कुपीची काचसुद्धा निवडून घ्यावी लागते, कारण साध्या काचेतलं पोटॅशियम स्वतःच किरणोत्सारी असतं. कुपी भरल्यावर ती काही तास अंधारात ठेवायची, नाहीतर दिव्याचा उजेड खाऊन द्रव स्वतःच चमकत राहतो आणि यंत्र ते मोजत बसतं.

खरी अडचण रंगाची. अल्कोहोल पाण्यासारखं स्वच्छ, पण डिझेल पिवळं. पिवळा रंग निळसर चमक गिळतो आणि आकडा कमी येतो. यालाच आमच्याकडे क्वेंचिंग म्हणतात. प्रत्येक रंगछटेसाठी दुरुस्तीची रेषा काढून ठेवावी लागते. जिथे रंगाचा भरवसा नाही तिथे लांबचा रस्ता धरायचा: नमुना जाळून कार्बन डायऑक्साइड, त्यापासून तापलेल्या लिथियमवर कार्बाइड, कार्बाइडवर पाणी टाकून ॲसिटिलीन, आणि ॲसिटिलीनपासून बेंझीन. कुठल्याही रंगाचं इंधन शेवटी पाण्यासारखं नितळ बेंझीन होऊन कुपीत येतं. हे काम वेळखाऊ आहे आणि बेंझीन विषारी. पण त्या नळ्यांच्या माळेत पहिल्यांदा नितळ थेंब जमताना ज्याने बघितला, तो या पद्धतीचा कायमचा झाला.

१९७७ मध्ये मोजायची कल्पनाच बदलली. तोवर फुटणारे अणू मोजत होते. एक मिलिग्रॅम ताज्या कार्बनमध्ये कार्बन-१४ चे जवळपास सहा कोटी अणू असतात, पण त्यातला एखादा फुटायला तासाहून जास्त वेळ लागतो. सहा कोटी समोर बसलेले असताना तासाला एकाची वाट का बघायची? त्या वर्षी बर्कलेत रिचर्ड मुलर यांनी सायक्लोट्रॉनने अणूच मोजायची कल्पना मांडली आणि रोचेस्टर व मॅकमास्टर इथल्या गटांनी टँडेम त्वरकाने ते प्रत्यक्ष करून दाखवलं. नायट्रोजन-१४ चं वजन कार्बन-१४ इतकंच, आणि हवेत नायट्रोजनच जास्त. एरवी त्याने सगळा आकडा बुडवला असता. पण नायट्रोजनचा ऋण आयन टिकतच नाही. सुरुवातीलाच ऋण आयन घेतले की नायट्रोजन आपोआप गळून जातो. आता कुपीभर पेट्रोलऐवजी थेंब पुरतो, आणि रात्रीऐवजी काही मिनिटं. भारतात दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्रात आणि भुवनेश्वरच्या भौतिकी संस्थेत अशी यंत्रं आहेत.

कायद्यात ही मोजणी आली ती इंधनाच्या वाटेने नव्हे, आडवाटेने. अमेरिकेच्या २००२ च्या शेती कायद्यात सरकारी खरेदीत जैव मालाला प्राधान्य द्यायचं ठरलं. वंगण, साबण, चमचे असला माल. मग कशात किती जैव, हे ठरवायचं कसं? त्यातून २००४ मध्ये एएसटीएम डी ६८६६ हे मानक आलं, कार्बन-१४ वर आधारलेलं. २०१० च्या अमेरिकी इंधन नियमांनी शहरी कचऱ्यापासूनच्या आणि एकत्र प्रक्रिया केलेल्या इंधनांसाठी हीच मोजणी धरली.

एकत्र प्रक्रिया हा सगळ्यात नाजूक भाग आहे. रिफायनरीतल्या मोठ्या यंत्रणेत खनिज तेलासोबत पाच-दहा टक्के वनस्पती तेल सोडायचं, वरून हायड्रोजनचा दाब. बाहेर येतं ते डिझेल, सगळं सारख्याच रेणूंचं. दोन विहिरींचं पाणी एका हौदात ओतल्यावर कुठली घागर कुठल्या विहिरीची, हे जसं सांगता येत नाही, तसंच. कंपनीचा हिशेब सांगतो की इतकं वनस्पती तेल आत गेलं, म्हणून इतकं जैव डिझेल बाहेर आलं. पण वनस्पती तेलातला काही कार्बन वाटेत कार्बन डायऑक्साइड आणि हलके वायू होऊन जातो, काही पेट्रोलच्या भागात जातो, काही कोकमध्ये. कागदावरचा जैव भाग आणि टाकीतला जैव भाग एक असेलच असं नाही. जास्त भाव मिळतो तो जैव डिझेलला, त्यामुळे कागद कुठल्या बाजूला झुकेल हे उघड आहे. युरोपीय आयोगाने २०२३ मध्ये एकत्र प्रक्रियेसाठी नियम केले आणि हिशेब कुठलाही ठेवा, बाहेर आलेल्या मालाची कार्बन-१४ चाचणी झालीच पाहिजे असं ठरवलं. माझ्या मते हाच एक प्रामाणिक मार्ग होता.

मापाने मोठ्या समजुतीही मोडतात. बायोडिझेल शंभर टक्के जैव, असं सगळे म्हणतात. ते बनतं तेलातल्या आम्लाला मिथेनॉल जोडून, आणि बाजारातलं मिथेनॉल बहुतेक नैसर्गिक वायूचं. ओलेइक आम्लाचा मिथाइल एस्टर घ्या: १९ कार्बन, त्यातले १८ झाडाचे आणि एक वायूच्या विहिरीतला. यंत्र ९४.७ टक्के दाखवतं, आणि यंत्रच बरोबर असतं. ई-२० चंही तसंच. तिथले वीस टक्के घनफळाचे. अल्कोहोलमध्ये कार्बन कमी आणि पेट्रोलमध्ये जास्त, त्यामुळे कार्बनच्या हिशेबात ई-२० मध्ये ताजा वाटा साधारण १४ टक्के. आम्ही असा अहवाल दिला की ग्राहकाचा फोन यायचाच, “मॅडम, सहा टक्के कुठे गेले?” प्रत्येकाला हा हिशेब समजावून सांगावा लागे, आणि तो मी आवडीने सांगत असे.

आपल्याकडे पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळायचा विचार जुना. १९४८ मध्येच पॉवर अल्कोहोलचा कायदा झाला. तो २००० मध्ये रद्द झाला आणि पुढच्याच वर्षी नवी सुरुवात झाली. पाच टक्के इथेनॉल मिसळायचे प्रायोगिक प्रकल्प तीन ठिकाणी, त्यातली दोन महाराष्ट्रात: मिरज आणि मनमाड. तिसरं उत्तर प्रदेशात बरेलीजवळ. आमच्या डिस्टिलरीत तोवर ९५ टक्क्यांच्या आसपासचं स्पिरिट निघत होतं. पेट्रोलला ते चालत नाही. उरलेल्या पाण्याने थर वेगळे होतात. साडेनव्याण्णवच्या वर जायचं तर मॉलिक्युलर सीव्हचे टॉवर हवेत, आणि त्या दिवसांत सांगलीकडच्या सगळ्या केमिस्टांच्या तोंडी तोच विषय होता. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के सुरू झालं, त्यात महाराष्ट्र आणि गोवा होते. जून २०२२ मध्ये देश दहा टक्क्यांवर पोहोचला, फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२० विकायला सुरुवात झाली.

या सगळ्यात कार्बन-१४ फारसा लागला नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. आपलं इथेनॉल कुलपांतून, सीलांतून, परवान्यांतून येतं; ते इथिलीनचं असल्याचा संशय घ्यायला जागा नाही. आपला वाद दुसराच आहे. सी-हेवी मळी (जवळपास सगळी साखर काढून झाल्यावरची), बी-हेवी मळी (जास्त साखर शिल्लक असलेली), उसाचा रस, मका, तांदूळ, प्रत्येकाच्या इथेनॉलला वेगळा भाव. कार्बन-१४ ला हे सगळे सारखेच ताजे. कार्बन-१३ थोडी मदत करतो: ऊस आणि मका एका पद्धतीने कार्बन धरतात, तांदूळ दुसऱ्या, म्हणून तांदळाचं इथेनॉल वेगळं ओळखू येतं. ऊस आणि मका मात्र एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, आणि बी-हेवीला सी-हेवीपासून वेगळं करणारी तर कुठलीच कार्बनची मोजणी नाही. उसाला किती पाणी लागलं, बॉयलरमध्ये बगॅस जाळला की दगडी कोळसा, हेही या मोजणीच्या बाहेरचं. ते विचारायला दुसरी साधनं वापरावी लागतील, आणि विचारायला हवंच.

ज्ञान आपल्याकडे नव्हतं असं नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या पुढाकाराने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच रेडिओकार्बन प्रयोगशाळा चालू झाली होती. डी. पी. अग्रवाल, शीला कुसुमगर यांनी तिथे हडप्पाकालीन नमुन्यांची वयं काढली, आणि डेक्कन कॉलेजने खणलेल्या दख्खनच्या गावांतले कोळसेही याच मोजणीने कालक्रमात बसले. पुढे ते काम अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेलं. ठोके मोजायची ही विद्या ज्या शहरात होती, त्याच शहराच्या पूर्व किनाऱ्यावर, माहुलला, रिफायनऱ्या होत्या. दोघांना एकमेकांची गरज पडली नाही. ती आता पडणार आहे, विमानांमुळे.

१९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एका प्रवासी विमानात देशी अल्कोहोलपासून केलेलं जेट इंधन थोडं मिसळलेलं होतं. ते तयार केलं पुण्याच्या प्राज कंपनीने. इथेनॉलपासून जेट इंधन करताना त्याचं आधी इथिलीन करतात, इथिलीनच्या साखळ्या जोडतात आणि हायड्रोजन देतात. शेवटी हाती येतो तो केरोसीनसारखा हायड्रोकार्बन. त्यात अल्कोहोलचा मागमूस नाही. पाण्याचं नळकांडं इथे कितीही हलवा, खालचा थर फुगणार नाही. हे इंधन खनिज तेलाचं नाही, असं सांगणारी एकच साक्ष त्यात उरते: कार्बन-१४.

आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात असं जैव इंधन २०२७ मध्ये एक टक्का आणि २०२८ मध्ये दोन टक्के मिसळायचं, असं आपलं सूचक लक्ष्य आहे. एक टक्का मोजणं ई-२० मोजण्याइतकं सोपं नाही. डी ६८६६ च्या आधीच्या आवृत्त्यांत निकालाला तीन टक्क्यांची मुभा धरलेली होती. चमचे आणि वंगणासाठी ती ठीक, पण एक टक्क्याच्या मिश्रणात तेवढी मुभा घेतली तर मोजण्यात अर्थच उरत नाही. कुपी आणि प्रस्फुरकाची पद्धत इथे थकते. त्वरकाची टिकते, पण तिथेही नमुना जाळताना, ग्रॅफाइट करताना हवेतला किंवा हाताचा ताजा कार्बन शिरतो. पूर्णपणे खनिज नमुनासुद्धा शून्य न दाखवता शून्याच्या थोडा वर दाखवतो. म्हणून प्रत्येक खेपेला सोबत नुसत्या खनिज जेट इंधनाचा कोरा नमुना तितक्याच काळजीने जाळावा लागेल आणि त्याचा आकडा वजा करावा लागेल. एक मिलिग्रॅममध्ये सहा कोटींऐवजी सहा लाख अणू, आणि त्यांतले काही आपल्याच हाताचे. देशातल्या त्वरक प्रयोगशाळांनी आणि तेल कंपन्यांनी एकत्र बसून या कोऱ्या नमुन्याची रीत आत्ताच ठरवावी. विमानात भरलेल्या प्रत्येक टँकरमागे कागद येईल, तेव्हा त्या कागदाला पडताळायला दुसरं काहीही नसेल.